बारीक तारेचं माप

३ मार्च, मंगळवार

ही वही खरं तर तापाची. दवाखान्यातून सोडताना तिथल्या लोकांनी हिला, म्हणजे माझ्या बायकोला, बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. म्हणून हिने दोनशे पानी वही आणली. पहिली चार पानं हिच्या अक्षरात आहेत. शंभर, एकशे एक, इंजेक्शन, इंजेक्शन, नव्याण्णव, इंजेक्शन. बारा दिवस आडवा होतो मी. आता ताप गेला आणि एकशे शहाण्णव पानं उरली. ती रद्दीत घालायची माझी तयारी नाही.

दुकान पुन्हा उघडून पंधरवडा झाला. पुढे गिटारदुरुस्तीचं दुकान, मागे आम्ही दोघं, मधे एक दार. तीस वर्षं हेच चाललंय. गल्लीत मला कानसेन म्हणतात आणि ते काही उगाच नाही. दारावरून जाणाऱ्या सायकलची चेन कोरडी पडलीय हे मी आत बसून सांगितलेलं आहे. पण या पंधरवड्यात दोन गिटारी परत आल्या. एक म्हणतो तार पट्टीला घासून चरचरते, दुसरा म्हणतो अ‍ॅम्प लावला की शिट्टी मारते. दोन्ही माझ्या हाताने वाजवून बघितल्या. चरचर नाही की शिट्टी नाही. लोकांना हल्ली भास होतात.

हिने लगेच धोशा लावला. पुरे झालं, दुकान बंद करा, पोरीकडे जाऊन राहू. मीही चिडून बोलून गेलो की आता जे काम येईल ते परत आलं तर पाटी उतरवतो. ही म्हणाली, बघा हं, शब्द दिलाय. दिला तर दिला.

आणि तासाभरात काम आलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. धाकट्या भावाची गिटार घेऊन आल्या. तो नकाशे काढायचा, गेल्या वर्षी अपघातात गेला. अठ्ठावीस तारखेला वर्ष होईल. त्याने स्वतः बसवलेली एक धून आहे, ती बाई त्या दिवशी आईसमोर वाजवणार आहेत. आई वर्षभर त्याच्या खोलीबाहेर फारशा येतच नाहीत म्हणे. गिटार मात्र मुकी झालीय. मी म्हटलं, डॉक्टर, ठेवून जा. दात काढण्यापेक्षा सोपं आहे.

६ मार्च, शुक्रवार

उघडून बघितली. दोन्ही पिकअप मेलेले. पिकअप म्हणजे तारांखालची ती चपटी डबी. आत सहा चुंबक, भोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारीची तार थरथरली की खाली वीज थरथरते, ती आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये जाते, बाकी काही चमत्कार नाही. दोन्हीत आतले वेढे तुटलेत.

जुन्याचं माप घेतलं. पहिल्या चुंबकाच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत पन्नास मिलिमीटर, दोन्हीचं तेवढंच. पन्नासची जोडी मागवली.

पोकळीत पेन्सिलीने एक ओळ होती, नकाशावर असतं तशा उभ्या, सुबक अक्षरात. ‘नवा ब्रिज बसवला’, म्हणजे तारांचा खालचा टेकू बदलला, आणि खाली तारीख. अक्षर बघून वाईट वाटलं. नीटनेटका माणूस होता.

१० मार्च, मंगळवार

नवी जोडी बसवली, तारा चढवल्या, अ‍ॅम्प लावला. पाच तारा खणखणीत. उरलेली, म्हणजे सगळ्यात बारीक तार, पलीकडच्या घरात कोणी वाजवावी तशी. वर सरकत गेलो तसा आवाज आणखी आत गेला. शेवटच्या पट्ट्यांवर तर नुसतं नख तारेला लागल्याचं जाणवत होतं.

मग खाली वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. दांडीजवळच्या पिकअपवर तारा बरोबर चुंबकांवरून जातात. ब्रिजजवळ मात्र दोन्ही कडेच्या तारा चुंबकाच्या बाहेरून जातात, सव्वा-सव्वा मिलिमीटर. अरे, त्या पोराने लिहून ठेवलं होतं की नवा ब्रिज बसवला म्हणून! ब्रिज रुंद घेतला, तारा फाकल्या, खालचा पिकअप तोच राहिला. मी मात्र गिटारीच्या तारा न मोजता जुना पिकअप मोजला. तारा मोजा, डबी मोजू नका, हे मीच लोकांना सांगत आलोय. दुसऱ्या कोणी केलं असतं तर आठवडाभर त्याची टिंगल केली असती.

आता तारांवर कॅलिपर धरून मोजलं. ब्रिजजवळ साडेबावन्न, दांडीजवळ पन्नास. ब्रिजसाठी साडेबावन्नचा मागवला. हिला काही बोललो नाही.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी काम करत होतो, मान वर केली तर डॉक्टरीणबाई टेबलाच्या पलीकडे उभ्या. मी दचकलोच. दाराला घंटी आहे, दार हललं की वाजते, इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक न वाजवता आत आलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, वाजली की. स्टुलावर चढून बघितलं, घंटी जागच्या जागी. बोटाने हलवली. लोलक हलला, आदळला, पण आवाज नाही. गंजली असेल.

त्यांनी धून ऐकवली, साध्या गिटारीवर. शेवट सगळा बारीक तारेवर आहे, वर वर चढत जाणारा. म्हणाल्या, काका, एवढा शेवट ऐकू आला पाहिजे, बाकी चुकलं तरी चालेल. पुढे जे बोलल्या ते पुटपुटल्यासारखं बोलल्या. दातांचे डॉक्टर लोकांना तोंड उघडायला लावतात, स्वतः मात्र उघडत नाहीत.

भिंतीवरचं घड्याळ आज टिकटिकत नाहीये. किल्ली दिली होती. काटे चालतायत, वेळ बरोबर दाखवतायत. टिकटिक तेवढी नाही.

१७ मार्च, मंगळवार

साडेबावन्नचा आला आणि बसवला. भिंग लावून बघितलं. सहाच्या सहा तारा चुंबकांच्या अगदी डोक्यावरून. या हातांनी याहून नेमकं काम केलेलं मला आठवत नाही. आणि बारीक तार बोलत नाही.

तार बदलली. सांधे पुन्हा जोडले. अ‍ॅम्प बदलला. मग सूर जुळवायचं यंत्र लावलं. बारीक तार छेडली की त्याची सुई झटकन उभी राहते, पाचही तारांना राहते तेवढीच. म्हणजे गिटारीतून वीज निघतेय, यंत्रापर्यंत पोचतेय. मग आवाज जातो कुठे? वीस वेळा छेडली. वीस वेळा सुई उडाली. खोलीत काही नाही.

समोरचा चष्मेवाला चहाला आला. त्याला म्हटलं, ऐक. त्याने ऐकलं आणि म्हणाला, छान आहे की, जरा टोचतेच कानाला. हा माणूस दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो, याला सुरातलं काय कळणार. वर मलाच म्हणतो, सकाळपासून तीनदा हाका मारल्या, शेठ झालास का. एकही मारली नव्हती.

१८ मार्च, बुधवार

आज गिटारीतून शिट्टी यायला लागली. अगदी बारीक, सलग, त्या धुनेच्या सगळ्यात वरच्या सुराच्याही वर. मला वाटलं अ‍ॅम्प. अ‍ॅम्प बंद केला. शिट्टी चालू. वायर काढली, चालू. तारा हाताने दाबून धरल्या, तरी चालू. तिथे वीज नाही, कंप नाही, आणि ती आपली वाजतेय.

हिला बोलावलं. ही दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, मला नाही हो येत काही ऐकू. मग माझ्याकडे असं बघत राहिली की मीच नजर वळवली. काळजी करते बिचारी, पण त्यामुळे मला उलट जास्त कसंतरी होतं.

२१ मार्च, शनिवार

स्पष्टच लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. मला या गिटारीची भीती वाटायला लागलीय.

ती आल्यापासून एकेक आवाज जातोय. आधी घंटी, मग घड्याळ. काल किटलीच्या तोंडातून वाफेचा झोत निघत होता, झाकण थडथडत होतं, आणि शिट्टी नाही. आज सकाळी खिडकीच्या तारेवर चिमण्या बसल्या होत्या, सात मोजल्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मी काचेपर्यंत गेलो. काही नाही. एक तर माझ्याकडे बघून बराच वेळ चोच उघडझाप करत होती.

माणसंही तशीच वागायला लागलीत. ही मागून येते आणि पायरव होत नाही. चपला बदलल्यास का विचारलं तर नाही म्हणाली. पूर्वी स्वयंपाकघरातून ‘अहो’ म्हणून हाक मारायची, आता सरळ येऊन खांद्यावर हात ठेवते. परवा तर दचकून मी हातातला स्क्रूड्रायव्हर फेकला.

जे जे बारीक, टोकदार, वरच्या पट्टीतलं, तेवढंच जातंय. ट्रकची घरघर आहे, दार आपटल्याचा धाड आवाज आहे. म्हणजे ही बारीक तार स्वतः बोलत नाहीच, वर घरातले तिच्या पट्टीतले आवाज ओढून घेते आणि ती शिट्टी करून बाहेर सोडते. लिहिताना मलाच हसू येतंय, चुंबकाचा धंदा केलेला माणूस मी. पण तो पोरगा गेला तेव्हा ही गिटार त्याच्याबरोबर होती का, हे मी बाईंना अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

दुपारी गिटार पेटीत घातली, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. शिट्टी तेवढीच. बाहेर पडलो, बाजारापर्यंत चालत गेलो, पूल ओलांडला. शिट्टी बरोबर आली, जवळही नाही की लांबही नाही. एका बाकावर बसलो आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. परत आलो तेव्हा ही दारातच उभी होती. तिने काहीतरी विचारलं. मी हो म्हणालो.

२४ मार्च, मंगळवार

चार दिवस उरले. बाईंना नाही म्हणून सांगावं असं दोनदा मनात आलं. पण मग त्या आईचं काय, आणि माझ्या पाटीचं काय? भीती असो नसो, काम अर्धवट टाकून मी कधी उठलेलो नाही.

आज शेवटचा उपाय केला. पिकअपला दोन्ही टोकांना स्क्रू असतात, त्यांनी तो वर-खाली करता येतो. बारीक तारेच्या बाजूचे स्क्रू फिरवत गेलो. अर्धा वेढा, ऐकलं. अर्धा वेढा, ऐकलं. दोन्ही पिकअप त्या बाजूने उचलत उचलत इतके वर आणले की तार आणि चुंबक यांच्यामधे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल. अ‍ॅम्पही चढवला. आणि बोलली! लांबून, कापसातून आल्यासारखी, पण शेवटचा सूरही कळला. मी तो पंचवीसेक वेळा वाजवला असेल. मधेच बघितलं तर ही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कानांवर हात. डोकं दुखतंय म्हणाली.

संध्याकाळी बाई गिटार घेऊन गेल्या. शिट्टी गिटारीबरोबर गेली नाही. ती इथेच आहे.

२८ मार्च, शनिवार

बाईंनी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. सकाळी अकराला गेलो. घरातलीच आठ-दहा माणसं. आई खिडकीपाशी खुर्चीत, पाठ भिंतीला टेकून. कोणाशी बोलत नव्हत्या. कोपऱ्यात पोराचं नकाशे काढायचं टेबल तसंच ठेवलेलं, पट्ट्या ओळीने लावलेल्या.

बाईंनी वाजवलं. शेवट आला, बारीक तारेवर चढायला लागल्या, आणि मी माणसांचे चेहरे बघत होतो, कारण मला तिथे काम कसं झालंय तेच बघायचं होतं. पहिल्या वरच्या सुरालाच बाईंनी हाताखाली बघितलं. दुसऱ्या सुराला दाराजवळचे एक गृहस्थ मागे वळले, मागे कोणी आलंय का बघायला. मागे कोणी नव्हतं. मग एकेक करून सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. आई उठल्या. भिंतीला धरत धरत आल्या, मुलीसमोर जमिनीवर बसल्या आणि गिटारीला कान लावला. बाई थांबल्या तर त्यांनी हाताने खूण केली, वाजव.

मला आवाज चोख वाटला. बारीक, पण चोख. हिने माझं कोपर इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठलाय.

घरी येताना हिने थांबून, माझ्यासमोर उभं राहून विचारलं, तो दुसरा आवाज कोणाचा होता. मी विचारलं, कुठला दुसरा. तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि पुढे चालायला लागली.

३१ मार्च, मंगळवार

बाई आल्या, हात रिकामे. हात रिकामे म्हणजे गिटार परत आलेली नाही, म्हणजे पाटी राहिली. मला एवढा आनंद झाला की मी खुर्ची पुढे ओढली.

त्या माझ्या अगदी समोर बसल्या आणि सावकाश, एकेक शब्द तोडून बोलल्या, खुर्चीतल्या घाबरलेल्या पेशंटशी बोलत असतील तसं. म्हणाल्या, बारीक तारेवरच्या प्रत्येक सुराबरोबर आणखी एक सूर येतो. त्याच्या जरासा खालचा, थरथरता. भाऊ वाजवताना बरोबर गुणगुणायचा आणि त्याचा सूर नेहमी केसभर उतरायचा, घरात सगळे हसायचे. आता आई रोज सकाळी त्यांना ती तार छेडायला लावतात. परवापासून टेबलावर येऊन जेवतात. काल पोराचं नाव घेऊन बोलल्या, वर्षात पहिल्यांदा.

“काका, ते तुम्ही मुद्दाम केलंत ना?”

मला क्षणात कळलं. चुंबक तारेच्या फार जवळ नेला की तो तारेला ओढतो, तिला मोकळं थरथरू देत नाही, आणि एका सुराचे दोन होतात, एक खरा, एक उतरलेला. धंद्यातला सगळ्यात ढोबळ दोष. बहिऱ्यालाही कळेल, असं मी आजवर शंभर लोकांना सुनावलं असेल. स्क्रू दीड वेढा उलटा फिरवला की गेला. तो सूर मी स्वतः निर्माण केला, त्याच्यासमोर बसून पंचवीस वेळा वाजवला, खोलीभर माणसांनी मागे वळून बघितलं, आणि मी म्हणतोय चोख.

“हो,” मी म्हणालो. “मुद्दाम.”

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मग आता त्याला कोणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. मी म्हटलं, नाही लावणार. त्या गेल्या. दार हललं, घंटीचा लोलक हलताना दिसला.

मनाशी म्हणत होतो, एक चूक झाली, थकवा असेल, तापातून उठलोय. मग हिला खरं सांगायचं ठरवलं. गिटार परत आली नसली तरी हरलो मीच, पाटी उतरवू. शिडी चष्मेवाल्याकडे आहे.

आत गेलो. ही ओट्याशी, पाठमोरी. तिची हनुवटी हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी विचारलं, कोणाशी बोलतेस. पहिल्यांदा तिला कळलं नाही. मग ती वळली, पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ, अगदी जवळ आली.

“बोलत नाहीये,” ती म्हणाली. “गातेय. तुम्ही दवाखान्यातून घरी आलात त्या दिवसापासून रोज गातेय.”

मी तिला उजेडाकडे वळवलं.

“तीस वर्षं मी तोंड उघडलं की तुम्ही दुकानातून ओरडायचात, सूर लागत नाहीये म्हणून. मी म्हटलं, आता ओरडतील, मग ओरडतील. एकदाही ओरडला नाहीत.”

मी तिला म्हटलं, परत म्हण. तिने तिथेच उभं राहून म्हटलं, माझ्याकडे बघत, सगळं कडवं. गळ्याची शीर हलत होती, डोळे भरून आले होते. मला फार भीती वाटत होती, तरी मी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. संपल्यावर ती वाट बघत उभी राहिली. सूर लागला होता की नाही, ते मला सांगता आलं नाही.